मोजणी चालू असताना

त्या दुकानात शिरताना चपला काढल्या नाहीत तरी चालायचं. तोंड मात्र बाहेर ठेवून यावं लागायचं.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. मागच्या दारानं तीन पायऱ्या चढल्या की घर. भिंतीला लागून जळक्या मोटरी मांडलेल्या, कुणी पंपाची, कुणी पंख्याची, कुणी करवतीची. दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या आजाऱ्यांसारख्या. खिडकीशी एक जाड लाकडी बाक. बाकावर साचा, आणि साचा फिरवायला एक दांडा. दांडा फिरवला की तांब्याची तार साच्याभोवती गुंडाळली जाते. असे नेमके वेढे घालून कॉइल करायची, ती मोटरीच्या खाचांत भरायची, कागद घालायचा, बांबूच्या पट्टीनं खाच बंद करायची, वार्निश पाजायचं, की मेलेली मोटर पुन्हा उठून बसते. या कामाला सगळे वायंडिंग म्हणतात, म्हणून काम करणाऱ्यालाही सगळे वायंडरच म्हणत. त्याचं खरं नाव बायकोलासुद्धा आठवायला लागे, असं ती स्वतःच सांगायची.

साच्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बशी असायची. डाव्या बशीत शर्टाची जुनी बटणं. दर दहा वेढ्यांना एक बटण डावीकडून उजवीकडे जायचं. हे चालू असताना गिऱ्हाईक येवो, पाहुणा येवो की वसुलीवाला येवो, वायंडर फक्त डाव्या हाताचं एक बोट वर करी. बोट खाली येईपर्यंत आलेल्यानं उंबऱ्यावर उभं राहायचं. एक वेढा कमी पडला तर मोटर तापते, एक जास्त झाला तर सुस्तावते. आणि मोजणारा माणूस बोलला की मोजणी संपलीच.

या बोटाची एक गोष्ट गावभर झाली होती. मुलगी झाली तेव्हा वायंडरचा मेव्हणा धावत आला आणि दारातूनच ओरडला, "भावजी, मुलगी झाली!" वायंडरनं बोट वर केलं. कॉइल पुरी केली, दोरा बांधला, आणि मग मान वर करून विचारलं, "हां, आता बोल. काय झालं?"

त्याची बायको ही गोष्ट सव्वीस वर्षं सांगत आली होती. "मी तिकडे कळा देत होते," ती म्हणायची, "आणि हे इकडे साठ, एकसष्ट!" लोक हसायचे. वायंडर हसायचा नाही. खाली बघून तार सरळ करत राहायचा.

त्याच घरात बोलक्या जिभेची पोर जन्माला यावी याला काय म्हणावं! चालायच्या आधी ती बोलायला लागली. उठल्यापासून निजेपर्यंत तोंड बंद म्हणून नाही. आईनं नाव पाडलं टकळी, तेच चिकटलं. शाळेतून आली की टकळी दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. बोट वर असलं की तिचे गाल फुगायचे, आतल्या आत शब्द दाटायचे. बोट खाली आलं की धरणाचं दार उघडावं तशी वाहायची. वायंडर ऐकत असे, आणि पुढची कॉइल सुरू करायला जरा उशीरच करत असे. हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिला या बाकापासून लांब ठेवायचं, हे मात्र त्यानं पहिल्यापासून ठरवलं होतं. त्याच्या बोटांच्या टोकांना तारेनं शेकडो चिरा पडल्या होत्या आणि त्या चिरांत वार्निश बसलं होतं. कितीही घासलं तरी निघायचं नाही. लग्नाकार्यात, चार लोकांत तो हात खिशात घालून उभा राहायचा. पोरीला खिशाशिवाय उभं राहता आलं पाहिजे, एवढीच त्याची शिक्षणाची व्याख्या होती. टकळी शिकली, पदवी झाली, एका विमा कचेरीत चिकटली. पंखा, खुर्ची, पांढरे हात. वायंडर कधी त्या रस्त्यानं गेला तर उगाच सायकल हळू करी आणि काचेतून बघे.

चार वर्षांनी एका दुपारी टकळी दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. बोट वर होतं. ती थांबली. बोट खाली आल्यावर म्हणाली, "बाबा, मी राजीनामा दिला."

"का? कोणी काही बोललं?"

"कोणी काही बोलत नाही, तीच तर अडचण आहे. या खिडकीतला अर्ज त्या खिडकीत, त्या खिडकीतला पुढच्या. संध्याकाळी आई विचारते, आज काय केलंस? हातात दाखवायला काही नसतं हो बाबा."

"मग आता काय करायचं म्हणतेस?"

"हे." तिनं साच्याकडे बोट केलं.

"हे? यासाठी तुला शिकवली?"

मागच्या दारातून आई म्हणाली, "अहो, डॉक्टर त्याच दिवशी भेटतो. नळवाला आठवडा आठवडा भेटत नाही. जमाना कुणाचा आलाय, जरा डोकं वर काढून बघा."

"तू मध्ये पडू नकोस."

"मी पायरीवर उभी आहे, मध्ये कुठे पडले?"

टकळीनं समजावून पाहिलं. वर्गात पहिला येणारा मुलगा आता फरशा बसवतो, त्याच्याकडे लोक दोन महिने थांबतात. कचेरीतली तिची मैत्रीण सुट्टीच्या दिवशी सुतारकाम शिकते. पदवीवाले हत्यार धरायला लागलेत, आणि लाजत नाहीत. वायंडरनं सगळं ऐकलं. "ती पोरं वेडी आहेत," तो म्हणाला, "त्यांच्या बापांना विचार." पण रागवायचं त्याला जमत नसे. त्यानं अट घातली. सहा महिने. झाडायचं, कागद कापायचे, बांबूच्या पट्ट्या तासायच्या. तारेला हात लावायचा नाही. आणि कामात मत द्यायचं नाही.

"बोलायचंच नाही?"

"कामाबद्दल नाही."

त्याला वाटलं, पंधरा दिवसांत कंटाळेल. तरीही खबरदारी म्हणून त्यानं एक गोष्ट कुणाला न सांगता केली. एका दुपारी हात घासून धुतले, पाठकोरा नव्हे तर चांगला कागद घेतला, आणि कचेरीच्या साहेबांना पत्र लिहिलं: मुलगी जरा लहरीत आहे, परत येईल, तिची जागा कृपा करून भरू नये.

टकळी कंटाळली नाही. तिनं कापलेला कागद खाचेत असा बसायचा की पुन्हा कात्री लावावी लागत नसे. पट्ट्या गुळगुळीत तासायची. मोटर सोडवताना पेच कोणत्या क्रमानं निघाले ते मांडून ठेवायची. एकच झालं, ती गप्प झाली. बोट वर नसतानाही गप्पच. संध्याकाळी तिघं जेवायला बसली की ताटांचा आवाज ऐकू यायचा. वायंडरला वाटायचं, घरातलं काहीतरी बंद पडलंय. काय बंद पडलंय ते मात्र त्याच्या ध्यानात येईना.

चौथ्या महिन्यात पाववाला आला. सगळ्या वस्तीला पाव पुरवणारा, पिठानं भुवया पांढऱ्या झालेला माणूस. त्याच्या कणीक मळायच्या यंत्राची मोटर जळली होती.

"काका, हातानं मळतोय. खांदे गेले. उद्या परवा द्या, नाहीतर माझीच कणीक होईल."

वायंडरनं मोटर उघडली. जळक्या कॉइलचं डोकं छाटलं, तारांचा जुडगा उपसून काढला आणि खिडकीच्या उजेडात धरून एकेक तार मोजायला लागला. अलीकडे त्याला उजेड जास्त लागायचा. डोळ्यांवर सकाळचं धुकं दुपारपर्यंत राहायचं, पण हे त्यानं घरात सांगितलं नव्हतं. चौऱ्याऐंशी तारा भरल्या. त्यानं वहीत लिहिलं: चौऱ्याऐंशी वेढे.

टकळी मागे उभी राहून बघत होती. कॉइलचं जे टोक जोडणीकडे गेलं होतं, तिथं तारेवर चढवलेल्या नळीच्या आत एक नाही, दोन तारा पीळ घालून बांधलेल्या तिला दिसल्या. म्हणजे ज्यानं कुणी पूर्वी ही मोटर भरली होती, त्यानं दोन तारा हातात जोडीनं धरून वेढे घातले होते. तारा चौऱ्याऐंशी, पण वेढे निम्मेच, बेचाळीस.

तिनं मोजणी संपायची वाट पाहिली. मग म्हणाली, "बाबा, टोकाला तार जोडीनं..."

"तुला कुणी विचारलं?"

पाववाला समोरच उभा होता. वायंडर असं कधी बोलत नसे. टकळीचा चेहरा लाल झाला. ती खाली बसून झाडायला लागली. वायंडरला लगेच वाटलं, चुकलं. पण माणसाला शब्द मागे घेता येतो तो एकांतात. पाववाल्यासमोर कसा घेणार?

दोन दिवसांत मोटर भरून झाली. चौऱ्याऐंशी तारांच्या जागी चौऱ्याऐंशी तारा, खाच अगदी तुडुंब, बोटभर जागा नाही. चूक असती तर खाचेनं सांगितलं असतं, पण खाचेला तारा कळतात, वेढे कळत नाहीत. चालू केली तर मोटर मांजरीसारखी चालली. आवाज नाही, थरथर नाही. वायंडर खूश होऊन म्हणाला, "बघितलंस? ऐकूसुद्धा येत नाही." टकळीनं वार्निशचा डबा पुसून जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाववाला हातगाडीवर मोटर घालून परत आला. हात कोपरापर्यंत पिठात.

"काका, रिकामं यंत्र झकास फिरतं. कणीक टाकली की घूं करतं आणि बसतं. माझ्या सासऱ्यासारखं झालं, बोलायला पुढे, उचलायला मागे."

वायंडर हसला नाही. पस्तीस वर्षांत त्याच्या दुकानातून गेलेली मोटर परत आली नव्हती. त्यानं ती बाकावर घेतली. बसला. उठला. वही काढली. चौऱ्याऐंशी लिहिलं होतं, चौऱ्याऐंशी भरले होते. मग जुनी कॉइल पुन्हा बघावी म्हणून तो भंगाराच्या डब्यापाशी गेला. डब्यात ती नव्हती. डब्याच्या मागे, खिळ्याला, दोऱ्यानं नीट बांधून टांगलेली होती. दोऱ्यात एक चिठ्ठी: "पाववाला. तार जोडीनं. बेचाळीस."

त्यानं ते टोक डोळ्यांजवळ नेलं. एकच तार दिसत होती. लांब नेलं, तरी एकच. मग डोळे मिटले आणि नखानं चाचपलं. दोन होत्या.

टकळी कोपऱ्यात पट्ट्या तासत होती. तिनं वर पाहिलं नाही. चार दिवस ही चिठ्ठी तिथं टांगलेली होती. मोटर परत आली तेव्हाही ती म्हणाली नव्हती, "मी सांगत होते." सांगण्याची पोटात कळ येणारी पोर, तिनं हे कसं गिळलं असेल?

 वायंडरनं येऊन बाकासमोरचा आपला पाट बाजूला सरकवला.

"इकडे बस."

"मी?"

"मग काय पाववाल्याला बसवू? त्याला सासरा आवरत नाही." त्यानं तारेची दोन रिळं खाली घेतली. "दोन्ही तारा एका चिमटीत. ताण सारखा. एकीनं पुढे जायचं नाही, एकीनं मागे राहायचं नाही. बेचाळीस. बटणं मोठी घे, दिसतात तरी." थोड्या वेळानं, दुसरीकडे बघत तो म्हणाला, "मला धूसर दिसतंय गं. वर्ष झालं."

"बाबा!"

"आईला सांगू नकोस."

"आईला माहीत आहे," मागच्या पायरीवरून आवाज आला. "गेल्या महिन्यात मिठाऐवजी साखर घालून आमटी गोड म्हणून खाल्लीत तेव्हाच कळलं. परवाचा डॉक्टरचा नंबर लावलाय. म्हटलं, सांगताय कधी ते बघावं."

त्या दिवशी टकळीच्या पहिल्या दोन कॉइल वाकड्या झाल्या. त्यानं सोडवायला लावल्या. तिसरी जरा बरी. चौथी त्यानं हातात घेतली, बोटांनी फिरवली, आणि खाचेपाशी ठेवली. अठरा कॉइल भरायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमन आला तेव्हा वायंडर रस्त्यापलीकडच्या दुकानातून दोरा घेऊन येत होता. पाकीट त्याच्याच हातात पडलं. कचेरीचा शिक्का. त्यानं रस्त्यातच उघडलं आणि लांब धरून वाचलं. साहेबांनी सौजन्यानं लिहिलं होतं: जागा ठेवली आहे, पहिल्या तारखेपासून यावं, पगारही थोडा वाढवू.

चार महिन्यांपूर्वी हेच पत्र आलं असतं तर तो पळत गेला असता. आता पत्र खिशात ठेवून गप्प बसावं असं त्याला वाटलं. मग वाटलं, एकदा तिला न विचारता लिहिलं, आता तिला न सांगता दडपायचं? बोलायचंच ठरवून तो उंबऱ्यापाशी आला. "टकळे" म्हणायला तोंड उघडलं.

तिचं डाव्या हाताचं एक बोट वर होतं.

तिला ते माहीतही नसावं. नजर साच्यावर, ओठ हलताहेत, उजवा हात दांडा फिरवतोय, आणि ते बोट आपलं आपण वर गेलेलं. वायंडर उंबऱ्यावर थांबला. या उंबऱ्यावरून दुकान कसं दिसतं हे त्याला पस्तीस वर्षांत ठाऊक नव्हतं. खिडकीचा उजेड बाकावर पडतो. तार त्या उजेडातून जाताना क्षणभर पेटल्यासारखी होते. मोजणाऱ्या माणसाची पाठ किती एकटी दिसते. आणि इथं उभ्या असलेल्याला किती बोलावंसं वाटतं! एवढीशी पोर इथं रोज वाट बघत बसायची.

तेवढ्यात मागून पाववाला आला. "काका! झालं का? आज माझे खांदे..."

"श्श." वायंडरनं हात आडवा केला. "मोजणी चालू आहे."

पाववाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अहो, पण तुम्ही तर इथं. मोजतंय कोण?"

वायंडरनं हनुवटीनं आत खूण केली. पाववाला वाकून बघू लागला. मग तोही गप्प झाला आणि भिंतीला टेकला. दोघं पुरुष उन्हात उभे राहिले. मागून बायको चहाचे कप घेऊन पायरीवर आली, उंबऱ्यावरचा तो देखावा बघून तिनं तोंडाला पदर लावला, पण तीसुद्धा थांबली.

चौथं बटण उजवीकडे गेलं. आणखी दोन वेढे. टकळीनं दोरा बांधला, बोट खाली आलं, आणि वळून बघते तो दारात अख्खी सभा.

"काय झालं?"

वायंडरनं पत्र पुढे केलं. तिनं वाचलं. एकदा, मग पुन्हा.

"तुम्ही लिहिलं होतंत त्यांना?"

"हो. तू आलीस त्याच आठवड्यात."

"मला न विचारता?"

"न विचारता." त्याचे हात खिशाकडे जात होते, ते त्यानं आवरले. "आता तू ठरव. जायचं तर जा, मी रागावणार नाही. पण मला कुणी विचारलं तर... विचारत नाही कुणी, तरी सांगतो. इथं माणूस हवाय. नुसता हात नाही. बघणारं माणूस."

टकळी पत्राची घडी घालत राहिली. "त्यांना उत्तर मीच लिहिते," ती म्हणाली. "आभार मानून. तुमचं अक्षर त्यांना लागलं असेल की नाही देव जाणे." मग हळूच, "बाबा, मी काल रात्री झोपेत पण मोजत होते म्हणे. मी झाले तेव्हा तुम्ही मोजत होतात. तुम्हाला खरंच ऐकू आलं नव्हतं?"

"ऐकू कसलं येतंय!" बायकोनं संधी सोडली नाही. "मी तिकडे कळा देत होते, आणि हे इकडे साठ, एकसष्ट!"

"साठ नव्हते," वायंडर म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"मेव्हणा ओरडला तेव्हा किती झाले होते ते मला आजतागायत आठवलेलं नाही. बोट वर केलं ते खरं. हातही फिरत राहिला. पण आकडाच नव्हता डोक्यात. नुसती तार जात होती." त्यानं डाव्या बशीतली बटणं उगाच सारखी केली. "तुम्हाला बघून आल्यावर ती कॉइल कापून टाकली. पस्तीस वर्षांत मोजणी चुकली ती तेवढी एकदा. आणि आता ही पाववाल्याची."

बायकोच्या हातातले कप तसेच राहिले. सव्वीस वर्षं सांगितलेली गोष्ट कुठं ठेवावी हे तिला सुचेना. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" ती म्हणाली, पण आवाज चढला नाही.

"तू सांगायचीस छान."

पाववाला नाक ओढत म्हणाला, "काका, ते सगळं खरं. पण कणीक?"

"सात राहिल्यात," टकळी म्हणाली, आणि तिचं तोंड सुटलं. सात कॉइल, मग खाचा बंद करायच्या, मग वार्निश, वार्निश सुकायला उन्ह चांगलं हवं, आणि यंत्राचा पट्टा सैल असेल तर तोही बघायला हवा, मी स्वतः येऊन बसवणार, आणि सासऱ्यांना सांगा कणीक टाकताना एकदम टाकू नका, आणि बाबा, उद्या डॉक्टरकडे जाताना तुमची वही मी घेते, सगळे आकडे मोठ्या अक्षरात उतरवून काढते, आणि आई, या चहात साखर आहे की मीठ...

वायंडर उंबऱ्यावर बसून ऐकत राहिला. चहा निवला. घरातलं जे बंद पडलं होतं ते पुन्हा सुरू झालं होतं, चांगलं आवाज करत, आणि ते थांबवायची त्याला काही घाई नव्हती.

मग तिनंच नवी तार चिमटीत धरली, दोन्ही बरोबर, आणि बोट वर केलं.